गली बॉयनंतरची गल्ली

नाक्यावरचा
'गली बॉय' १४ फेब्रुवारी २०१९ ला लागला. तेव्हापासून आमच्या कुर्ल्यात एक वाद अधूनमधून पेटतो आणि चहा संपला की विझतो: पिक्चरने इथल्या रॅप करणाऱ्या पोरांचं भलं केलं की वाट लावली? एक गट म्हणतो, अरे त्याच्याआधी तुम्हाला कोण कुत्रं विचारत होतं. दुसरा म्हणतो, आमच्या पोरांचं उचललं, रणवीर सिंगला दिलं आणि बक्षिसं तेच घेऊन गेले. मला दोन्हीकडचं अर्धंअर्धं पटतं, म्हणून इथे टाकतोय. लांबण लागेल, आधीच सांगतो.

ज्यांना यातलं काही ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कुर्ला पश्चिमेचा नावेद शेख म्हणजे नेझी. त्याचं 'आफत' २०१४ मध्ये यूट्यूबवर आलं, आयपॅडवरच रेकॉर्ड केलेलं आणि आयपॅडवरच शूट केलेलं. अंधेरीच्या जे. बी. नगरचा विवियन फर्नांडिस म्हणजे डिव्हाइन. तो आधी इंग्रजीत रॅप करायचा, मग हिंदीकडे वळला. २०१५ मध्ये दोघांचं 'मेरे गली में' आलं. झोया अख्तरने या दोघांवरून बेतलेला पिक्चर काढला. साउंडट्रॅकवर १८ ट्रॅक, त्यात खऱ्या गल्लीतले बरेच आवाज. पुढे १३ फिल्मफेअर आणि ऑस्करसाठी भारताची अधिकृत एंट्री.

आता मुद्दा. 'पोरांनी घडवलं, बाजाराने पळवलं' ही गोष्ट ऐकायला बरी वाटते, पण ती मधूनच सुरू होते. पोरांना हे मिळालं कुठून? नेझी शाळेत असताना जमैकाच्या शॉन पॉलची गाणी पाठ करून म्हणायचा, हे त्याने स्वतःच अनेकदा सांगितलंय. डिव्हाइनला पहिल्यांदा कुतूहल वाटलं ते वर्गातल्या एका पोराच्या अंगावरचा अमेरिकन रॅपर फिफ्टी सेंटचा टी-शर्ट बघून. म्हणजे बड्या कंपन्यांनी जगभर विकलेला माल, त्यातलाच एक तुकडा इथे येऊन पडला. धारावीत ब्रेकिंग, म्हणजे ब्रेकडान्स, करणाऱ्या पोरांच्या 'स्लमगॉड्स' या गटाचं नावच 'स्लमडॉग मिलियनेर'ला दिलेलं उत्तर आहे. तो पिक्चर नसता तर हे नावही नसतं. आणि न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधल्या ११ ऑगस्ट १९७३ च्या ज्या पार्टीपासून हिप-हॉपचा जन्म मोजतात, तिथेही डीजे कूल हर्क बाजारात मिळणाऱ्याच रेकॉर्डी लावत होता. फक्त गाण्यातला ड्रमचा तुकडा तेवढा धरून पुन्हा पुन्हा वाजवायचा.

तेव्हा सोवळ्यातली गल्ली कधीच नव्हती. मला त्यापेक्षा हे बघावंसं वाटतं की वर जाताना काय काय गळून पडतं. एकच उदाहरण घेतो. 'आज़ादी'. ही घोषणा कमला भसीन यांनी पाकिस्तानातल्या स्त्रीवादी कार्यकर्त्यांकडून ऐकून इकडच्या स्त्री चळवळीत आणली. २०१६ मध्ये जेएनयूत कन्हैया कुमारने दिली तेव्हा तीत मनुवाद होता, ब्राह्मणवाद होता, पूंजीवाद होता. त्याच वर्षी डब शर्मा या संगीतकाराने त्या घोषणांवर ट्रॅक बांधला. तीन वर्षांनी तोच ट्रॅक डिव्हाइनच्या आवाजासकट 'गली बॉय'मध्ये आला तेव्हा मनुवाद आणि ब्राह्मणवाद गायब, भूक आणि भेदभाव शिल्लक. म्हणजे कोणीच ज्याच्या विरोधात नाही ते राहिलं. आणि पिक्चर लागून महिना व्हायच्या आत, लोकसभेच्या तोंडावर, भाजपने ती चाल घेऊन काँग्रेसविरोधी व्हिडिओ काढला, काँग्रेसने आपला काढला. घोषणा तीच, ठेका तोच, कोणीही वापरा.

यावर मंडळींचं काय म्हणणं?

चाळकरी_गिरगाव
धागा नीट वाचला. लेखन आवडलं, विषय नाही, हे प्रांजळपणे नमूद करतो. आमच्या वेळी बेलबॉटम होती, कानांवर केस होते, बच्चनसारखी मधोमध गाठ मारलेला शर्ट घालून पोरं नाक्यावर उभी राहायची. त्याला कोणी संस्कृती वगैरे म्हटलं नाही, घरी गेल्यावर बाबांनी कानाखाली दिली आणि विषय संपला. आता त्यावर पीएचड्या होतात.

आणि गळून पडण्याचं म्हणाल तर ते काही आजचं नाही. 'सांगत्ये ऐका' १९५९ चा. पुण्याच्या विजयानंदला १३१ आठवडे चालला. त्यानंतर लावणी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे सिनेमातली लावणी. फडावरच्या बाईची, संगीतबारीची, तिच्या बैठकीची आठवण कोणाला? तमाशाच्या गाड्या तशाच खड्ड्यांतून जात राहिल्या. रॅपवाल्यांना वाटतं जगात पहिल्यांदा आपल्यावरच अन्याय झाला.

राहता राहिलं रॅप. आपल्याकडे पोवाडा होता, अमर शेख होते, अण्णाभाऊ होते. मग ब्राँक्स कशाला हवं?

बर्मिंगहॅमचा_बंडू
काका, तुमचा सिनेमातल्या लावणीचा मुद्दा फर्मास. पण बाबांनी कानाखाली दिली म्हणता, तेच तर संशोधनाचं साहित्य आहे हो!

मी ज्या गावात राहतो तिथल्या विद्यापीठात १९६४ साली संस्कृतीच्या अभ्यासाचं एक केंद्र निघालं. रिचर्ड हॉगार्टने काढलं, पुढे स्टुअर्ट हॉलने चालवलं, आणि २००२ मध्ये विद्यापीठाने बंद केलं. मधल्या काळात तिथल्या लोकांनी टेडी बॉइज, मॉड्स, स्किनहेड्स, पंक अशा पोरांच्या टोळक्यांकडे पहिल्यांदा गांभीर्याने पाहिलं. त्यातलाच डिक हेब्डिज. १९७९ च्या त्याच्या पुस्तकातला एक विचार या धाग्याला चपखल बसतो. तो म्हणतो, बंडखोर स्टाइलला दोन वाटांनी पोटात घेतलं जातं. एक, तिचा माल करून दुकानात मांडायचा. दुसरी, तिला आधी राक्षस ठरवायचं आणि मग 'अहो, आपलीच लेकरं ती' म्हणून घरात घ्यायचं. पहिलीबद्दल सगळे बोलतात, दुसरी जास्त मजेशीर आहे.

पंकचंच घ्या. १ डिसेंबर १९७६ ला सेक्स पिस्टल्स या पंक बँडने टीव्हीवर संध्याकाळच्या वेळी शिव्या दिल्या, दुसऱ्या दिवशी पेपरांनी आकाशपाताळ एक केलं. १९७७ मध्ये फॅशन डिझायनर झँड्रा ऱ्होड्सने रत्नजडित सेफ्टी पिना लावलेले महागडे ड्रेस काढले. म्हणजे राक्षस व्हायला एक दिवस आणि शोकेसमध्ये जायला वर्षभर. पण नाक्यावरचा यांचा मुद्दा इथेही लागू होतो, कारण पंक आधी गल्लीत जन्मलं आणि मग दुकानात गेलं असं झालंच नाही. सेक्स पिस्टल्स बांधले गेले ते किंग्ज रोडवर माल्कम मॅक्लारेन आणि व्हिव्हियन वेस्टवुडच्या कपड्यांच्या दुकानातून! २०१६ मध्ये लंडनमध्ये पंकची चाळिशी सरकारी पाठबळाने साजरी झाली, तेव्हा या दोघांच्याच मुलाने, जो कॉरेने, निषेध म्हणून आपला पंकचा संग्रह थेम्सवर बोटीत जाळला. त्याची किंमत पन्नास लाख पौंड असल्याचं तो सांगत होता. आईबापांनी विकलं, पोराने जाळलं, आणि जाळण्याचे फोटो परत पेपरवाल्यांनी विकले.

म्हापशेकर
बंडूबाब, मजा आली वाचून. आमच्याकडची गोष्ट थोडी उलटी आहे. हणजुणे, वागातोरला सत्तरच्या दशकात हिप्पी आले. घरचा बाजार सोडून आलेले हे लोक इथे आल्यावर काय करू लागले? बाजार. परत जायचे पैसे जमवायला आपला कॅमेरा, जीन्स, टेपरेकॉर्डर मांडून बसायचे. त्यातूनच हणजुण्याचा बुधवारचा बाजार उभा राहिला. आज तिथे जाऊन बघा, हिप्पी शोधून सापडणार नाही. ओम छापलेले झबले मात्र ढिगाने.

नव्वदच्या दशकात गोवा ट्रान्स, म्हणजे रात्रभर नाचायचं इलेक्ट्रॉनिक संगीत. पार्टी परदेशी लोकांची, संगीत त्यांचं, माडांना फ्लुओरोसंट रंग त्यांनी फासले. पण रात्रभर चटया पसरून, कंदील लावून, चहा आणि ऑम्लेट-पाव विकत बसायच्या त्या आमच्या गावच्या बायका. पहाटे नाचून दमलेला माणूस येऊन त्याच चटईवर आडवा व्हायचा. कितीतरी घरांत त्या पैशावर पोरांच्या शाळेच्या फिया भरल्या गेल्या. गोवा ट्रान्सचा इतिहास लिहिणारे डीजेंची यादी देतात, चटईवाल्या बायका कोणी धरत नाही. पुढे रात्री दहानंतर आवाजबंदी आली, पार्ट्या क्लबांत गेल्या, चटया गुंडाळल्या गेल्या. आणि 'गोवा' हे नाव लावून इस्रायल आणि जर्मनीत सीड्या खपत राहिल्या.

तेव्हा वर जाताना काय गळतं याचं माझं उत्तर सोपं आहे. आधी चहावाली गळते.

वऱ्हाडी_ठेचा
म्हापशेकर साहेब, एक नंबर.

आता इकडचं आयका. तुमी सारे मुंबई-मुंबई करून राह्यले. आमच्या अमरावतीचा सौरभ अभ्यंकर, एमसी हंड्रेडआरबीएच, याले विसरले काय? 'गली बॉय'च्या 'इंडिया ९१' ट्रॅकमधे मराठीतला आवाज त्याचाच हाय. मंग २०२३ ले एमटीव्हीच्या 'हसल' या रॅपच्या शोमधे गेला. तिथं साऱ्या देशासमोर वऱ्हाडी बोलीत बोलला, शेतकऱ्यावर बोलला. आमच्या गावात ज्यायनं जिंदगीत रॅप आयकलं नवतं ते पानठेल्यावर मोबाइल धरून उभे होते. तवा बाजार-बाजार म्हणून नाक मुरडनाऱ्यायले मी इचारतो: टीव्ही नसता त आमची बोली तिथं नेली असती कोनी? साहित्य संमेलनानं?

अन् दुसरी गोष्ट. खेड्यातल्या पोरायले हे भेटलं कसं, त्याचं कारन पिक्चर नाही, जिओ हाय. सप्टेंबर २०१६. त्याच्याआधी एक व्हिडिओ पाहाले डेटा पुरे ना. मंग एकदम फुकट. बीट, म्हंजे मांगचा तयार ठेका, डाउनलोड करा, फोनवर बोला, अपलोड करा. विपिन तातडसारखा पोरगा अमरावतीत बसून जातीवर, आंबेडकरी चळवळीवर रॅप करते, त्याले झोया अख्तर लागली नाही.

मीरा_दुपारची
सगळं वाचतेय आणि वाट बघतेय की कोणीतरी विचारेल. म्हापशेकरांच्या चटया सोडल्या तर अख्ख्या धाग्यात बाई नाही.

बंडू, तुमच्या बर्मिंगहॅमच्या केंद्रातच अँजेला मॅकरॉबी आणि जेनी गार्बर यांनी १९७०च्या दशकात हा प्रश्न विचारला होता. नाक्यावर, रस्त्यावर, क्लबात जे दिसतं तेवढंच मोजलं तर मुली दिसणारच नाहीत, कारण त्यांना तिथे थांबू देत नाहीत. मुलींचं जे काही चालतं ते घरात, खोलीत, पोस्टर लावलेल्या भिंतीशी. आणि ते आधीच बाजारू म्हणून हिणवलेलं असतं. पोरगा शॉन पॉल पाठ करतो तेव्हा ती कलेची सुरुवात. पोरगी बीटीएसची कोरियन गाणी पाठ करते, त्यासाठी हंगुल लिपी शिकते, रात्री जागून सबटायटल करते, तेव्हा ते खूळ. आमच्या डोंबिवलीत बारावीच्या मुली अल्बमसोबत येणाऱ्या फोटोकार्डांवरून जे व्यवहार करतात, कोणाचा अल्बम कोणामार्फत मागवायचा, कस्टम किती पडेल, ते बघून तोंडात बोट घालाल. पण आईच्या फोनवरून आणि बेडरूमचं दार लोटून. त्यावर पिक्चर निघणार नाही.

रॅपमध्येही मुली आहेत. डी एमसी आहे, 'गली बॉय'मध्ये तिची झलक आहे. माही जी आहे, महादेव कोळी समाजातली, आदिवासींच्या प्रश्नांवर लिहिते. पण सायफर, म्हणजे रॅपरांचं गोल करून रॅप करणं, कधी असतं? 'सायफर कितीला?' 'रात्री दहाला, स्टेशनबाहेर.' मग काय, झालंच.

चाळकरी_गिरगाव
मीराताई, हंगुल म्हणजे काय ते शोधावं लागलं. नात घरात नेमकी काय करते ते आत्ता कळलं. बाकी तुमच्याशी सहमत.

माझ्या पोवाड्याच्या प्रश्नाला मात्र कोणी हात लावलेला नाही.

माटुंगा_लेबर_कॅम्प
मी लावतो, काका. पण आधी एक चिमटा. इथे 'धारावी' म्हटलं की सगळ्यांना हिंदी ऐकू येतं. आमच्या वस्तीत तामिळ किती बोलतात ते येऊन बघा. डोपअॅडेलिक्स हा धारावीचाच रॅप गट. पा. रंजितच्या 'काला'त (२०१८), म्हणजे रजनीकांतच्या पिक्चरमध्ये, धारावीच्या पोरांचं तामिळ रॅप आहे. तो 'गली बॉय'च्या आदल्या वर्षी आला. त्यात धारावीची माणसं जमिनीसाठी भांडतात. 'गली बॉय'चा हिरो मुराद त्या वस्तीतून बाहेर पडायचं स्वप्न बघतो. एकाच वस्तीवरचे दोन पिक्चर, लागोपाठच्या वर्षांत. मराठी पेपरांनी कौतुक कोणाचं केलं, आठवतंय?

आता पोवाडा. अमर शेख, अण्णाभाऊ, गव्हाणकर यांचं लाल बावटा कलापथक होतं. मागे पक्ष होता, युनियन होती, संप होता. शाहीर 'आम्ही' म्हणून गातो. सभेला माणसं आधीच जमलेली असतात, शाहीर त्यांना तापवतो. रॅपर बहुतेक वेळा 'मी' म्हणून बोलतो: मी कोण, माझी गल्ली कुठली, माझ्याशी पंगा घेशील तर काय होईल. तो एकटा मोबाइलपुढे उभा असतो आणि माणसं नंतर जमतात, जमली तर. दोन्हीत यमक आहे, ठेका आहे आणि राग आहे म्हणून दोन्ही एकच, हे भाषणात टाळ्या घ्यायला ठीक. पण तसं म्हणून आपण दोघांनाही नीट ऐकत नाही.

जवळ आले असतील तर ते स्वदेशी या मुंबईच्या रॅप गटाच्या 'द वारली रिव्होल्ट'मध्ये (२०१९). आरेच्या केलटीपाड्याचे प्रकाश भोईर त्यात स्वतः गातात आणि पोरं त्यांच्याबरोबर. तिथे 'मी' मागे सरतो. त्याच वर्षी ४ ऑक्टोबरच्या रात्री आरेत झाडं तोडायला घेतली. सुप्रीम कोर्टाने थांबवेपर्यंत २,१४१ झाडं गेली होती. मुंबईत तेव्हा ते गाणं वाजत होतं, मोर्चात सुद्धा. ते कुठल्या पिक्चरमध्ये गेलं नाही. गेलं असतं तर काय गळलं असतं, याचा अंदाज नाक्यावरचा बांधू शकतात.

नाक्यावरचा
माटुंगा, दंडवत घ्या. 'काला' आणि 'गली बॉय' असे शेजारी ठेवून मी पाहिलेच नव्हते.

स्वदेशीचं नाव निघालंय तर धर्मेश परमार, एमसी तोडफोड, याची आठवण काढायला हवी. मार्च २०२२ मध्ये गेला, वय अवघं २४. गुजरातीत रॅप करायचा. वर वऱ्हाडी साहेबांनी सांगितलेल्या 'इंडिया ९१'मध्येच त्याचाही आवाज आहे. गेला तेव्हा रणवीर सिंगने स्टोरी टाकली, झोया अख्तरने टाकली, म्हणून सगळ्या चॅनलांनी 'गली बॉय रॅपरचं निधन' अशी बातमी चालवली. स्वदेशीबरोबर त्याने वर्षानुवर्षं जे केलं ते बातमीच्या तिसऱ्या परिच्छेदात, तेही असलं तर. पिक्चर नसता तर बातमीच आली नसती, हेही खरं. मला अर्धंअर्धं पटतं म्हणालो ते यासाठी.

सडेतोड_सातारकर
एवढं तत्त्वज्ञान कशाला? पोरांना पैसा हवाय. पुण्याच्या ताडीवाला रोडचा एमसी स्टॅन 'बिग बॉस' १६ जिंकला फेब्रुवारी २०२३ मध्ये. ऐंशी हजारांचे बूट घालून आत गेला. आमच्या साताऱ्यात सलूनवाल्याकडे पोरं त्याचा फोटो दाखवून कटिंग करून घेतात. नेझीसुद्धा २०२४ ला 'बिग बॉस ओटीटी'त गेला आणि दुसरा आला. ज्यांना बाजार नको ते स्वतःच रांगेत उभे आहेत. पुलेशु (पुढील लेखनास शुभेच्छा).

मीरा_दुपारची
सातारकर, कोणाला बाजार नको असं धाग्यात कोणीच म्हटलेलं नाही. वाचा तरी.

बर्मिंगहॅमचा_बंडू
पण सातारकरांच्या बुटांत दम आहे. पंकमध्ये 'विकला गेला' ही सर्वांत मोठी शिवी. हिप-हॉपमध्ये तसं नाही. तिथे साखळी, गाडी, बूट हे दाखवायचेच असतात, कारण जिथून आलो तिथे ते नव्हते. मध्यमवर्गीय मंडळींना गरीब कलाकार गरीबच राहिलेला आवडतो, नाहीतर तो 'बिघडला' म्हणतात. माझाही जीव स्वदेशीत जास्त रमतो, पण ताडीवाला रोडच्या पोराने महागडे बूट घालू नयेत हे सांगणारा मी कोण?

टेक_थ्री
मी बदलापूरला छोटा स्टुडिओ चालवतो. स्टुडिओ म्हणजे एक खोली, भिंतीला गाद्या, एक कंडेन्सर माइक आणि दारावर 'चपला बाहेर' अशी पाटी. तुम्ही ज्यावर चर्चा करताय ती पोरं माझ्याकडे येतात, म्हणून दोन गोष्टी सांगतो.

पोरगा येतो तेव्हा बीट घेऊनच येतो. यूट्यूबवर कोणातरी प्रसिद्ध रॅपरच्या नावाने 'टाइप बीट', म्हणजे त्याच्या धाटणीचं बीट, शोधायचं आणि उतरवायचं. त्यात दर थोड्या वेळाने बनवणाऱ्याच्या नावाचा टॅग वाजतो. तो टॅग काढायचा तर लीज, म्हणजे वापरायचा परवाना, घ्यावी लागते. स्वस्त लीज म्हणजे नॉन-एक्सक्लुझिव्ह: तेच बीट आणखी शंभर जणांना विकलेलं असू शकतं, आणि किती स्ट्रीमपर्यंत वापरायचं यालाही मर्यादा. पोरं ते वाचत नाहीत. गाणं थोडं चाललं की कॉपीराइटचा क्लेम येतो आणि कमाई दुसऱ्याच्या खात्यात. माझ्याकडच्या एका पोराचं गाणं लग्नाच्या वरातींत वाजत होतं, तेव्हा याच्या खात्यात शून्य. बॉलिवूडने लुटलं ही तक्रार मी रोज ऐकतो, पण बहुतेकांना बॉलिवूड भेटतच नाही. भेटतो तो लीजचा कागद.

दुसरी गोष्ट, पोरं काय लिहितात. 'गली बॉय'नंतर दोनेक वर्षं जो यायचा तो गटार, गल्ली, पत्रा, पाऊस हेच लिहून आणायचा. चांगल्या सोसायटीत राहणारे सुद्धा. मी विचारायचो, अरे तुझ्या बिल्डिंगला लिफ्ट आहे ना? गरिबी हा साउंड झाला होता. पिक्चरने काय केलं असं कोणी विचारलं तर मी हे सांगेन. जो खरंच पत्र्याखाली राहायचा त्याच्यावरही बंधन आलं की तू पत्र्यावरच लिही. एकाला त्याच्या मावशीच्या पोल्ट्रीवर लिहायचं होतं, मित्रांनी हसून उडवलं. ते गाणं झालं असतं तर भारी झालं असतं. सध्या तसं कमी झालंय. 'तांबडी चामडी' आल्यापासून सगळ्यांना मराठी शब्द आणि नाचता येईल असा ठेका हवाय. त्या गाण्याला स्पिनिन रेकॉर्ड्सने, म्हणजे हॉलंडच्या लेबलने, उचललं हे कळल्यापासून तर विचारूच नका.

वऱ्हाडी_ठेचा
पोल्ट्रीवालं गानं झालंच पाह्यजे बे! पाठवा त्या पोराले इकडं.

खटल्याची_तारीख
एका बाजूकडे कोणी पाहिलं नाही म्हणून लिहिते. बाजार पोटात घेतो हे झालं. सगळंच घेतो का?

एप्रिल २०२३. छत्रपती संभाजीनगरकडच्या राज मुंगासेचं 'पन्नास खोक्यां'वरचं रॅप फिरत होतं. कोणाचं नाव नाही, पक्षाचं नाव नाही. अंबरनाथमध्ये त्याच्यावर गुन्हा दाखल झाला. त्याच सुमाराला 'भोंगळी केली जनता' म्हणणाऱ्या उमेश खाडेला मुंबईत पोलिसांनी बोलावून घेतलं, त्याच्यावरही गुन्हा. ही दोन्ही मराठी गाणी, साध्या पोरांची, लेबल नाही, पिक्चर नाही. यांना कोणी टी-शर्टवर छापलं नाही. बंडूंनी हेब्डिजच्या दोन वाटा सांगितल्या, तिसरी पोलीस ठाण्याकडे जाते. आणि गंमत बघा, वर्षभराने निवडणुका आल्या तेव्हा सगळ्याच पक्षांच्या प्रचारगाड्यांवर रॅप. ठेका चालतो त्यांना. तो ठेका धरून कोण काय म्हणतंय एवढ्यावरच कलम लागतं.

बर्मिंगहॅमचा_बंडू
तारीखताई, इथेही अगदी हेच. ड्रिल या रॅपच्या एका प्रकारातल्या ओळी कोर्टात पुरावा म्हणून वाचल्या जातात, आणि पोलिसांच्या विनंतीवरून यूट्यूबवरून व्हिडिओ उतरवले जातात. त्याच वेळी बूट विकणाऱ्या कंपन्या जाहिरातीत तोच ठेका वापरतात.

चाळकरी_गिरगाव
नातीकडून 'द वारली रिव्होल्ट' लावून घेतलं. मग वऱ्हाडी साहेबांच्या अभ्यंकरांचं एक. मत नोंदवतो.

भोईरांचा आवाज अस्सल आहे, त्याला तोड नाही. मधले तरुण काय म्हणतात ते मात्र मला निम्मं कळलं नाही. बोली अडली असं नाही, खालचा तो धडाधडा ढोल शब्द गिळतो. शाहिराला माइक नव्हता तरी मैदानातल्या शेवटच्या माणसाला शब्द पोचला पाहिजे ही अट होती. मी 'गली बॉय'मधलंही एक ऐकलं, त्यात शब्द स्वच्छ कळतात. आता मला सांगा, यात सिनेमाने वाईट काय केलं?

टेक_थ्री
काका, हा प्रश्न आत्तापर्यंत एकाही रॅपरने मला विचारलेला नाही.

हिंदी सिनेमात गायकाचा आवाज नेहमीच वर ठेवतात आणि वाद्यं मागे. लताबाईंच्या काळापासून कान त्याला सरावलेत. पिक्चरमधल्या रॅपचं मिक्सही त्याच वळणाने जातं, कारण ते थिएटरमध्ये बसलेल्या आणि रॅप न ऐकणाऱ्या माणसासाठी असतं. माझ्याकडे येणारा पोरगा म्हणतो, भाऊ, बास वाढव, आवाज त्यात बुडू दे. त्याचा श्रोता इअरफोन लावून तेच गाणं वीस वेळा ऐकतो, शब्द त्याला चौथ्या-पाचव्या वेळी कळतात आणि कळले की पाठच होतात. तुम्ही एकदाच ऐकलंत, तेही बहुतेक टीव्हीच्या स्पीकरवर.

नातीकडचे इअरफोन मागा आणि अजून तीनदा ऐका. मग बोलू. तरीही नाही कळलं तर मिक्सला शिव्या घाला, मी तुमच्या बाजूने येईन, कारण त्यातल्या एका कडव्यात आवाज खरंच दोन-तीन डेसिबलने वर हवा होता.

चाळकरी_गिरगाव
इअरफोन ती देणार नाही. नवीन घ्यावे लागतील. कोणते घेऊ?

टेक_थ्री
वायरवाले घ्या.